गुरुत्वीय लहरींवरून कृष्णविवरं कशी मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाल्याची बातमी आली की तीन-चार आकडे हमखास सोबत येतात: एक इतक्या सूर्यांएवढं, दुसरं तितक्या सूर्यांएवढं, अंतर अमुक कोटी प्रकाशवर्षं. हे आकडे आले कुठून, हा प्रश्न मला बातमीपेक्षाही मोलाचा वाटतो. कारण सगळे आकडे सारख्या भरवशाचे नसतात. काही अगदी पक्के असतात, काही ढोबळ, आणि एखादा तर थेट मोजलेलाच नसतो, हिशेबातून निघालेला असतो. खालचे बरेचसे प्रश्न या ना त्या वाटेने इथेच येऊन पोचतात.

### उपकरण नेमकं काय टिपतं? फोटो असतो का?

फोटो नसतो. रंग नाही, तापमान नाही, प्रकाशाचा एक किरणही नाही. हाती येते ती एक वेडीवाकडी रेषा.

अमेरिकेत हॅन्फर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे लायगोच्या दोन वेधशाळा आहेत. प्रत्येकीला काटकोनात पसरलेल्या चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. गुरुत्वीय लहर (म्हणजे अवकाशच ताणत-आखडत जाणारी लहर) येते तेव्हा एक भुजा किंचित लांबते, त्याच वेळी दुसरी आखडते, आणि पुढच्या क्षणी उलट होतं. हा फरक लेसरच्या साहाय्याने सेकंदाला १६,३८४ वेळा नोंदला जातो. फरक किती, तर १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेल्या पहिल्या लहरीने (तिचं नाव जीडब्ल्यू१५०९१४, आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस) जास्तीत जास्त ताण दिला तेव्हाही भुजांच्या लांबीतला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या हिश्शाएवढा होता.

बाकी सगळं, म्हणजे वस्तुमान, परिवलन, अंतर, दिशा, त्या एका रेषेच्या आकारातून काढायचं असतं.

### एका रेषेवरून एवढं सगळं? हे सुतावरून स्वर्ग गाठणं नाही का?

शंका रास्त आहे. पण त्या रेषेचा आकार मनमानी नसतो. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरतात तेव्हा लहरींतून ऊर्जा निघून जाते. ऊर्जा गेली की कक्षा आकसते, फेरे वेगाने होऊ लागतात, वेग वाढला की ऊर्जा आणखी भराभर निघून जाते. त्यामुळे लहरीची वारंवारता आणि जोर दोन्ही चढत जातात आणि शेवटी एकदम तुटतात. या चढत्या सुराला 'चर्प' म्हणतात, म्हणजे पाखराची एक चिव.

पहिल्या लहरीत हा सूर ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढला आणि हे सगळं ०.२ सेकंदात आटोपलं. लहरी मोजल्या तर जेमतेम आठ. सूर किती झपाट्याने चढला, किती उंचीवर तुटला, तुटल्यावर कसा विरला आणि किती मोठा होता, या चारही गोष्टी वेगवेगळी माहिती सांगतात. व्यापक सापेक्षता सिद्धांत त्यांना वस्तुमानाशी, परिवलनाशी, अंतराशी अशा घट्ट गणिताने बांधतो की त्यात मनाजोगतं फिरवायला फारशी जागाच उरत नाही.

### वस्तुमान कसं काढतात?

सर्वांत आधी, आणि सर्वांत नेमकं कळतं ते एक मिश्र वस्तुमान. त्याला 'चर्प मास' म्हणतात. दोन्ही वस्तुमानांच्या गुणाकाराचा तीन-पंचमांश घात घ्यायचा आणि त्याला बेरजेच्या एक-पंचमांश घाताने भागायचं. असा विचित्र हिशेब कुणी हौसेने ठरवलेला नाही. सूर चढण्याचा वेग काढायला बसलं की समीकरणातून हाच गट बाहेर येतो.

चर्प मास जितका जास्त तितका सूर झपाट्याने चढतो. दोन जोड्या घ्या. पहिलीचा चर्प मास सूर्याच्या ३० पट. ३५ हर्ट्झवर आल्यावर तिच्याकडे ०.१७ सेकंद उरतो. दुसरी न्यूट्रॉन ताऱ्यांची (मृत ताऱ्यांच्या छोट्या, अतिघन गोळ्यांची), चर्प मास १.२ पट. तीही ३५ हर्ट्झवर आहे, पण तिला अजून ३६ सेकंद आहेत. चर्प मास पंचवीसपट कमी झाला तर वेळ दोनशेपटीहून जास्त वाढला. म्हणूनच साधं घड्याळ लावून केलेलं हे मापन इतकं काटेकोर असतं, आणि लहर जितकी लांब चालते तितकं ते आणखी काटेकोर होतं.

आता गोम पाहा. चर्प मास कळला म्हणजे दोन स्वतंत्र वस्तुमानं कळली असं नाही. ३६ आणि २९ सूर्यांच्या जोडीचा चर्प मास सुमारे २८ येतो. ४० आणि २६ चाही सुमारे २८. ४५ आणि २३.५ चाही तोच. चढत्या सुराचा पहिला भाग ऐकून या तिन्ही जोड्या वेगळ्या ओळखू येत नाहीत.

### मग दोघांची वस्तुमानं वेगळी कशी होतात?

दोन वाटा आहेत. सूर कोणत्या वारंवारतेला तुटतो हे मुख्यतः दोघांच्या बेरजेवर ठरतं. जड जोडी खालच्या सुरात संपते, हलकी वरच्या. चर्प मास आणि बेरीज दोन्ही हाती आली की दोन अज्ञातं सुटतात, शाळेतल्या दोन समीकरणांसारखी.

दुसरी वाट उपस्वरांची. लहरीची मुख्य वारंवारता फेऱ्यांच्या दुप्पट असते, कारण अर्धा फेरा झाला की जोडी पुन्हा जवळपास तशीच दिसते. दोघं सारख्या वजनाचे असतील तर मुख्य सुराखेरीज फारसं काही ऐकू येत नाही. पण एक जड आणि दुसरा हलका असेल तर ही सममिती मोडते आणि दीडपट वारंवारतेचा सूरही डोकं वर काढतो. १२ एप्रिल २०१९ च्या लहरीत तो स्पष्टपणे सापडला. ती जोडी सुमारे ३० आणि ८ सूर्यांची होती.

तरीही बेरजेपेक्षा आणि चर्प मासपेक्षा सुटी वस्तुमानं नेहमी ढोबळच राहतात. बातमीतला '३६ आणि २९' हा आकडा वाचताना हे डोक्यात असू द्या.

### ती कृष्णविवरंच होती कशावरून? दुसरं काही नसेल?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न, कारण उत्तराला शाळेतलं केपलर पुरतं.

पहिल्या लहरीची वारंवारता १५० हर्ट्झला पोचली तेव्हा जोडी सेकंदाला ७५ फेरे घेत होती. दोघांचं मिळून वस्तुमान सुमारे ७० सूर्यांचं (उपकरणाला वाटतं ते; ३६ आणि २९ मिळून ६५ का नाही, ते पुढे येईल). केपलरच्या नियमात हे आकडे घातले की दोघांच्या केंद्रांमधलं अंतर निघतं जेमतेम ३५० किलोमीटर. सत्तर सूर्य, साडेतीनशे किलोमीटरच्या टप्प्यात, आणि अजून एकमेकांना टेकलेले नाहीत! तारे असते तर केव्हाच भिडले असते. न्यूट्रॉन तारे मावले असते, पण त्यांना एवढं वस्तुमान पेलत नाही. न्यूट्रॉन तारा आणि जड कृष्णविवर अशी जोडी मानली तर हाच चर्प मास येण्यासाठी कृष्णविवर इतकं अवाढव्य घ्यावं लागतं की सूर फार खालीच तुटला असता. शिवाय सत्तर सूर्यांच्या कृष्णविवरांची गणिती त्रिज्या मिळून २१० किलोमीटर होते. ३५० मध्ये २१० बसतात. दुसरी कोणतीही ज्ञात वस्तू बसत नाही.

### तीन सूर्यांएवढं वस्तुमान 'नाहीसं' झालं, ते कसं मोजलं?

मोजलेलं नाही. हाच तो हिशेबातून निघालेला आकडा. सुरुवातीचे ३६ आणि २९ मिळून ६५, शेवटी उरलेलं कृष्णविवर ६२ चं, उरलेले तीन लहरींच्या ऊर्जेत गेले. पण ६२ हा आकडाही बहुतांशी संगणकीय सापेक्षतेतून येतो: अशा जोडीचं विलीनीकरण समीकरणं सोडवून केलं तर शेवटी किती उरतं, हे आधीच माहीत असतं. २००५ साली फ्रान्स प्रिटोरियस यांनी अशा विलीनीकरणाचं संपूर्ण गणित पहिल्यांदा संगणकावर तडीस नेलं. ते झालं नसतं तर २०१५ ची लहर सापडूनही तिचा शेवटचा, सर्वांत तीव्र भाग वाचता आला नसता.

ती ऊर्जा बाहेर पडतानाचा कमाल वेग मात्र विसरू नये असा आहे: सेकंदाला २०० सूर्यांएवढ्या वस्तुमानाची ऊर्जा, अर्थात सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरती. त्या क्षणी ती जोडी दृश्य विश्वातल्या सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशापेक्षा जास्त शक्ती ओतत होती.

### कृष्णविवर स्वतःभोवती किती वेगाने फिरतं, हे कळतं का?

थोडंफार. परिवलन शून्य ते एक या मोजपट्टीवर सांगतात. एक ही कमाल मर्यादा.

दोघांचं परिवलन कक्षेच्याच दिशेने असेल तर विलीन होण्याआधी जोडी काही फेरे जास्त घेते. उलट दिशेने असेल तर लवकर कोसळते. यातून दोघांच्या परिवलनाची वस्तुमानानुसार काढलेली एक सरासरी कळते, तीही फक्त कक्षेच्या दिशेतली. अक्ष कललेले असतील तर कक्षेची पातळीच भोवऱ्यासारखी डोलते आणि लहरीचा जोर कमी-जास्त होत राहतो. पण आठ लहरींत डोलणं दिसणार किती? म्हणून सुट्या कृष्णविवरांच्या परिवलनाचे आकडे बहुधा फार सैल असतात. जीडब्ल्यू१५१२२६ ही हलक्या जोडीची लहर सुमारे सेकंदभर टिकली, तिच्यात सुमारे ५५ लहरी होत्या, तरी ठामपणे इतकंच म्हणता आलं की दोघांपैकी किमान एकाचं परिवलन ०.२ पेक्षा जास्त आहे.

अंतिम कृष्णविवराचं परिवलन मात्र चांगलं कळतं. जीडब्ल्यू१५०९१४ मध्ये ते ०.६७ आलं. जवळपास सारख्या वजनाची, स्वतः फारशी न फिरणारी जोडी विलीन झाली की दर वेळी ०.७ च्या आसपासच येतं, कारण ते फिरणं आलेलं असतं कक्षेतल्या कोनीय संवेगातून.

### अंतर कसं काढतात? आणि त्यात एवढा घोळ का असतो?

चर्प मास कळला की लहर उगमापाशी किती जोरकस होती ते ठरतं. आपल्याकडे ती किती क्षीण होऊन पोचली ते उपकरण सांगतं. दोन्हींची तुलना केली की अंतर. मध्ये कुठलीही शिडी नाही, दुसऱ्या ताऱ्यांवरून बेतलेलं माप नाही. ही कल्पना बर्नार्ड शुट्झ यांनी १९८६ मध्ये मांडली होती, आणि तिचा साधेपणा मला आजही थक्क करतो.

घोळ आहे तो कलाचा. जोडीच्या कक्षेकडे आपण समोरून पाहत असू तर लहर जोरात येते, कडेने पाहत असू तर हलकी. त्यामुळे 'लांबची पण समोर तोंड केलेली' आणि 'जवळची पण कडेने दिसणारी' अशा दोन जोड्या जवळपास सारख्याच ऐकू येतात. दोघींत फरक असतो तो लहरीच्या ध्रुवीकरणाचा (ती कोणत्या दिशांना ताणते-आखडते त्याचा), आणि तो ओळखायला वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेली उपकरणं लागतात. म्हणून पहिल्या लहरीचं अंतर ४१० मेगापार्सेक, म्हणजे साधारण १३० कोटी प्रकाशवर्षं सांगितलं, तेव्हा त्याची शक्य मर्यादा २३० पासून ५७० मेगापार्सेकपर्यंत पसरलेली होती. बातमीतला सर्वांत ढोबळ आकडा बहुधा हाच असतो.

१७ ऑगस्ट २०१७ ला न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोडीची लहर आली, तिची दीर्घिकाही दुर्बिणींना सापडली आणि लहरींवरून काढलेल्या अंतराने विश्वाच्या प्रसरणाचा दर थेट मोजता आला: प्रति मेगापार्सेक सेकंदाला ७० किलोमीटर. खालची त्रुटी ८ ची, वरची १२ ची.

### एकाच जोडीचं एकूण वस्तुमान कुठे ७१ तर कुठे ६५ का दिलेलं असतं?

दोन्ही बरोबर. लहर प्रवासात असताना विश्व प्रसरण पावतं, लहर ताणली जाते आणि सूर खाली येतो. याला ताम्रसृती म्हणतात. खाली आलेला सूर म्हणजे जड जोडी, असा उपकरणाचा समज होतो. पहिल्या लहरीची ताम्रसृती ०.०९ होती, म्हणून ६५ ची जोडी उपकरणाला ७१ ची वाटली. मूळ वस्तुमान काढायचं तर या आकड्याला १.०९ ने भागायचं. ताम्रसृती अंतरावरून ठरते आणि अंतर ढोबळ, म्हणून त्याची थोडी सैलाई वस्तुमानातही उतरते.

### दिशा कशी कळते?

लहर कोणत्या वेधशाळेत किती आधी पोचली त्यावरून. पहिली लहर लिव्हिंग्स्टनला आली आणि ६.९ मिलिसेकंदांनी हॅन्फर्डला. दोनच वेधशाळा असतील तर आकाशात एक लांबलचक कमान मिळते. त्या वेळी ती सुमारे ६०० चौरस अंशांची होती, म्हणजे तीनेक हजार पूर्णचंद्र मावतील एवढी. १४ ऑगस्ट २०१७ च्या लहरीत इटलीतली व्हर्गो सामील झाली आणि ११६० चौरस अंशांचा पट्टा ६० वर आला. जपानची काग्रा आणि भारतात उभारली जात असलेली लायगो-इंडिया याच कामी येतील.

न दिसण्याचाही उपयोग होतो. न्यूट्रॉन ताऱ्यांची ती लहर व्हर्गोत जवळजवळ उमटलीच नाही. याचा अर्थ ती व्हर्गोच्या आंधळ्या कोपऱ्यातून आली होती, आणि तेवढ्यावरून शोधाची जागा खूप आक्रसली.

### विलीन झाल्यानंतर काही ऐकू येतं का?

येतं, पण क्षणभरच. नवं कृष्णविवर आधी वेडंवाकडं असतं आणि घंटेवर टोला पडावा तसं थरथरून शांत होतं. याला 'रिंगडाउन' म्हणतात. ही थरथर विशिष्ट सुरात होते आणि विशिष्ट वेगाने विरते, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये गणिताने दाखवलं होतं. सुराची उंची आणि विरण्याचा वेळ हे दोनच आकडे अंतिम कृष्णविवराचं वस्तुमान आणि परिवलन सांगायला पुरतात. जीडब्ल्यू१५०९१४ साठी सूर होता सुमारे २५० हर्ट्झ आणि विरण्याचा काळ ४ मिलिसेकंद.

इथे स्वतंत्र ताळा घेता येतो, आणि म्हणूनच मी या भागाला इतकं महत्त्व देतो. टकरीआधीच्या सुरावरून अंतिम वस्तुमानाचं भाकीत करायचं, नंतरच्या थरथरीवरून तेच वस्तुमान वेगळं काढायचं, आणि दोन्ही जुळतात का पाहायचं. १४ जानेवारी २०२५ ची लहर पहिलीपेक्षा तिपटीहून स्पष्ट होती, जोड्या मात्र जवळपास सारख्याच वजनाच्या. तिच्यावरून आधीच्या दोन कृष्णविवरांच्या पृष्ठभागांची बेरीज सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर आणि नंतरच्या एकाचा पृष्ठभाग सुमारे ४,००,००० चौरस किलोमीटर निघाला. विलीनीकरणात हे क्षेत्रफळ कधीच घटणार नाही, असं स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये सांगितलं होतं.

### '३६, अधिक ५, उणे ४' असं लिहिलेलं कसं वाचायचं?

वस्तुमान ३२ ते ४१ च्या दरम्यान असण्याची शक्यता ९० टक्के, असं. ३६ हा त्या पट्ट्याचा मध्य आहे, निकाल नव्हे. पुढे त्याच नोंदींचं पुन्हा विश्लेषण झालं तेव्हा जोडी ३५.६ आणि ३०.६ अशी आली. कुणाची चूक सुधारली असं त्यात काही नाही. दोन्ही आकडे एकाच पट्ट्यात आरामात बसतात.

हा पट्टा मिळतो उलट्या वाटेने. एक काल्पनिक जोडी घ्यायची, तिची लहर गणिताने काढायची, नोंदीतल्या रेषेशी ताडून पाहायची आणि किती जुळली त्याला गुण द्यायचे. मग जोडी थोडी बदलायची. असं लाखो वेळा. वर्तुळाकार कक्षेतल्या कृष्णविवरांसाठी एकूण १५ गोष्टी बदलाव्या लागतात: दोन वस्तुमानं, परिवलनाचे सहा आकडे, अंतर, आकाशातली जागा, कल वगैरे. चांगले गुण मिळालेल्या सगळ्या जोड्यांचा जो ढीग जमतो, तोच निकाल. त्यात सुरुवातीची पूर्वधारणाही (कोणती जोडी किती संभाव्य, हा आधीच धरलेला अंदाज) मिसळलेली असते, आणि लहर दुबळी असेल तर पूर्वधारणेचा आवाज मोठा होतो.

### जड जोड्या मोजणं सोपं असेल ना? त्यांची लहर तर मोठी असते.

उलट आहे. जड जोडी खालच्या सुरात संपते, आणि तिथे जमिनीच्या थरथरीमुळे उपकरणं बहिरी असतात. २१ मे २०१९ च्या जोडीची (सुमारे ८५ आणि ६६ सूर्य) लहर ०.१ सेकंदाची होती, जेमतेम चार लहरी. चर्प जवळपास नाहीच, फक्त शेवट. एवढ्याशा रेषेत कक्षा लंबगोल होती की अक्ष कलले होते हे ठामपणे सांगता येत नाही, आणि त्यावर वाद झालेही. २३ नोव्हेंबर २०२३ च्या लहरीत तर जोडी साधारण १०० आणि १४० सूर्यांची होती आणि दोन्ही जोरात फिरत होती. एकूण वस्तुमानाचा पट्टा १९० ते २६५. अशा घटनेचा एकच आकडा मथळ्यात आला तर मला तो अपुरा वाटतो. पट्टा सांगायलाच हवा.

### ही सगळी खरखर नाही, हे कशावरून?

हजारो किलोमीटर दूरच्या दोन वेधशाळांत तोच आकार, प्रकाशवेगाने लागणाऱ्या वेळेच्या आत, हा मुख्य पुरावा. खरखरीत आकार शोधायला गणिताने आधीच तयार केलेले नमुने सरकवून पाहतात. या पद्धतीचा पाया घालण्यात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचं १९९१ चं काम महत्त्वाचं आहे. खरखरीतून योगायोगाने जीडब्ल्यू१५०९१४ एवढं जुळण्याची शक्यता २,०३,००० वर्षांत एकदापेक्षाही कमी होती.

### मला घरी करून पाहता येईल का?

येईल, आणि जरूर करा. या लहरींच्या नोंदी 'ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटर'वर सर्वांसाठी मोफत आहेत, आणि पायथॉनच्या 'जीडब्ल्यूपाय' आणि 'पायसीबीसी' या लायब्ररीही. जीडब्ल्यू१५०९१४ च्या आसपासच्या ३२ सेकंदांपासून सुरुवात करा. कच्ची रेषा पाहिलीत तर निराशा होईल, नुसते मोठमोठे हेलकावे दिसतील. ३५ हर्ट्झच्या खालचं आणि ३५० हर्ट्झच्या वरचं कापून टाका, विजेच्या तारांचा ६० हर्ट्झचा गुणगुणाट काढा. मग हॅन्फर्डची रेषा ६.९ मिलिसेकंद मागे सरकवा, उलटी करा (तिथल्या भुजांची मांडणी लिव्हिंग्स्टनपेक्षा वेगळी आहे म्हणून) आणि लिव्हिंग्स्टनच्या रेषेवर ठेवा. ०.२ सेकंदांपुरत्या दोन्ही रेषा एकमेकींवर बसतात. त्यातल्या लागोपाठच्या दोन शिखरांमधलं अंतर पट्टीने मोजा, ते कसं कमी होत जातं ते लिहून काढा, आणि चर्प मास स्वतः काढून बघा. पट्टीनेसुद्धा तो ३० च्या आसपास येतो.